मुलाला कम्युनिटी कॉलेजला घालू का? फ्रीमॉन्टच्या एका ताईंना दिलेलं मोठं उत्तर

ताई, तुमचे प्रश्न कालच वाचले पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून लिहितेय. मी गेली अठरा वर्षं कॅलिफोर्नियात बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये काउन्सेलर आहे, मूळची साताऱ्याची, आणि दर एप्रिलला मला हे असेच प्रश्न येतात, मराठी घरांतून जरा जास्तच.

बाकीच्यांना कळावं म्हणून ताईंनी काय विचारलंय ते थोडक्यात सांगते. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर एच-१ (नोकरीचा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) व्हिसावर. मार्चमध्ये यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली, यूसीएलए, डेव्हिस वगैरे कॅम्पस असलेली सरकारी युनिव्हर्सिटी) निकाल आले, हवं होतं तिथून नकार, एका ठिकाणी वेटलिस्ट, आणि जिथे मिळालंय तिथे कम्प्युटर सायन्स नाही आणि राहण्याखाण्याचा खर्च झेपणारा नाही. त्यांचे प्रश्न असे: कम्युनिटी कॉलेजला घातलं तर मुलाचं नुकसान होईल का, फी किती, खरंच दोन वर्षांत बाहेर पडतो का, नंतर डिग्रीवर शिक्का बसतो का. शिवाय त्यांचा स्वतःचा थोडं शिकायचा विचार आहे, पुण्याहून बी.कॉम. झालेलं आहे. आणि पुण्यातला भाचा बारावीनंतर थेट इकडे कम्युनिटी कॉलेजला यायचं म्हणतोय, त्याचं काय.

आधी नावाचा गोंधळ सोडवू, कारण अर्धा विरोध घरातून नावामुळेच होतो. एका मुलाच्या आजीने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "कम्युनिटीचं म्हणजे कुठल्या समाजाचं गं ते कॉलेज?" त्यांची चूक नव्हती, आपल्याकडे कम्युनिटी म्हणजे समाज, जात असंच डोक्यात येतं. दुसऱ्या एका आजोबांनी कुठेतरी जुनं नाव ज्युनियर कॉलेज ऐकलं आणि त्यांना वाटलं नातू परत अकरावी-बारावी करतोय! अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीतली पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट १९०१ पासून आहे, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला १९१० मध्ये सुरू झालं, आणि १९४७ च्या ट्रुमन कमिशनच्या अहवालानंतर कम्युनिटी कॉलेज हे नाव सगळीकडे रूढ झालं. कम्युनिटी म्हणजे त्या गावातले, त्या भागातले लोक, एवढाच अर्थ. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत, तुमच्या घरापासून ओलोनी, डी अँझा, मिशन, एव्हरग्रीन व्हॅली, चाबो ही सगळी गाडीने जाण्यासारखी.

आपल्या लोकांना मी समजावताना डिप्लोमाचं उदाहरण देते. आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून मुलं डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जातात ना, आणि पुढे डिग्री हातात आली की डिप्लोमावाला आणि बारावीवाला यांच्या डिग्रीत काही फरक नसतो, तसंच हे, फक्त इथे डायरेक्ट थर्ड इयर. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, मग यूसी किंवा सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, राज्याची दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर होऊन तिसरं-चौथं वर्ष, आणि डिग्री त्या युनिव्हर्सिटीची. डिग्रीच्या सर्टिफिकेटवर "ट्रान्सफर" असा शब्द कुठेही छापलेला नसतो. तर शिक्का बसतो का याचं उत्तर नाही, नाही बसत. आणि ही मागच्या दाराची सोय पण नाही, १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियाची उच्च शिक्षणाची सगळी रचनाच अशी आहे की यूसी आणि सीएसयूने कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांसाठी तिसऱ्या वर्षाला जागा ठेवायच्या. यूसीचं धोरण दोन फ्रेशमनमागे (म्हणजे हायस्कूलमधून थेट पहिल्या वर्षाला आलेल्यांमागे) एक ट्रान्सफर असं आहे. यूसीएलएमध्ये फ्रेशमन म्हणून अर्ज केलेल्यांतल्या दहातल्या एकालाही जागा मिळत नाही, ट्रान्सफरने अर्ज करणाऱ्यांत मात्र साधारण चौथ्या हिश्श्याला मिळते, आणि त्या ट्रान्सफरमधले बहुतेक सगळे कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतलेच असतात.

आणि अजून एक गोष्ट जी ऐकून आया माझ्यासमोर रडल्यात, तिसऱ्या वर्षाच्या ट्रान्सफरला यूसी हायस्कूलचे मार्क धरत नाही, एसएटी ही प्रवेशपरीक्षा तर यूसी आता कोणाचीच बघत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला दहावीत जे दोन सी ग्रेड पडले होते ते इथे संपले. पाटी कोरी. पण कोरी पाटी म्हणजे आता जे लिहिलं जाईल ते पक्कं, ते पुढे सांगते.

फीचं बोलू. कोर्स युनिटमध्ये मोजतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, डी अँझा-फूटहिलसारख्या क्वार्टरवाल्या (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या) कॉलेजात युनिट लहान असतं म्हणून ३१ डॉलर. ट्रान्सफरला ६० सेमिस्टर युनिट लागतात किंवा ९० क्वार्टर युनिट, म्हणजे दोन वर्षांची मिळून फी २,८०० डॉलरच्या आसपास, वर हेल्थ फी, पार्किंग, पुस्तकं. यूसीला रहिवाशाची नुसती ट्यूशन फीच वर्षाला १५,००० च्या आसपास जाते, राहणं-खाणं वेगळं. पुस्तकांचं म्हणाल तर वर्गांच्या यादीत झीरो टेक्स्टबुक कॉस्ट अशी खूण असलेले वर्ग शोधा, त्यांना पुस्तक विकत घ्यावं लागत नाही. मुलगा घरी राहणार, तुमच्या हातचं जेवणार, तर खरी मोठी बचत तिथे आहे कारण बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतंच.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं, एच-४ वर रहिवासी फी लागते का. लागते. एच-१, एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियाची रेसिडेन्सी धरता येते, वर्ग सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे कागद दाखवायचे, आई-वडिलांचे टॅक्स रिटर्न, भाडेकरार वगैरे. बऱ्याचदा काय होतं, ऑनलाइन अर्जात व्हिसा लिहिला की सिस्टिम मुलाला नॉन-रेसिडेंट टाकते आणि युनिटला काही शे डॉलरचं बिल येतं, आणि आपले लोक घाबरून भरूनही टाकतात! भरू नका, अॅडमिशन ऑफिसात रेसिडेन्सीची कागदपत्रं घेऊन जा आणि बदलून घ्या. मात्र एच-४ मुलाला फाफसा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरून मिळणारी सरकारी मदत मिळत नाही, आणि त्याला काम करायचीही परवानगी नाही, कॅम्पसवर पण नाही, पगारी इंटर्नशिप पण नाही. ज्यांची मुलं सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाली आहेत त्यांनी मात्र फाफसा भराच, उत्पन्न कमी असेल तर पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळते, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि फुलटाइम पहिल्यांदा शिकणाऱ्यांना बऱ्याच कॉलेजांत प्रॉमिस योजनेखाली दोन वर्षं फी माफ होते.

आणि २१ वर्षांचं लक्षात ठेवा. मूल २१ चं झालं की एच-४ संपतो, तोवर ग्रीनकार्ड आलं नसेल तर बहुतेकांना एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जावं लागतं, आणि एफ-१ झाला की रहिवासी फीचा प्रश्न परत उभा राहतो. तुमचा मुलगा आत्ता १८ चा असेल तर दोन वर्षांत ट्रान्सफर झाला तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षात ही तारीख येणार. म्हणून मी एच-४ घरांना सांगते की वाढदिवसाच्या निदान एक वर्ष आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा आणि ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा. काउन्सेलर इमिग्रेशनचा सल्ला देऊ शकत नाही, मी पण नाही देत, पण तारीख कॅलेंडरवर लिहायला मात्र लावते.

दोन वर्षांत खरंच होतं का. होतं, पण आपोआप होत नाही, आणि मला या सगळ्या उत्तरात जर एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची असेल तर ती ही आहे. युनिव्हर्सिटीत शिरलेल्या मुलाला तिथली चाकोरी असते, इथे चाकोरी स्वतः आखायची असते. कुठलं कॉलेज यापेक्षा कुठले कोर्स आणि कुठल्या क्रमाने, यावर सगळं ठरतं, आणि ते शेवटाकडून मागे मोजायचं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, एक मुलगा माझ्याकडे आला, ट्रान्सक्रिप्टची (कॉलेजच्या गुणपत्रकाची) दोन पानं हातात, आधी दुसऱ्या एका कॉलेजात होता. चांगले मार्क, ७० च्या वर युनिट झालेली, म्हणाला मॅम मला या फॉलला (सप्टेंबरच्या सुमारास) यूसीला इंजिनिअरिंगसाठी अर्ज करायचाय. मी पिवळा हायलायटर घेतला आणि त्याच्यासमोरच त्याला हवं होतं त्या मेजरची (डिग्रीच्या मुख्य विषयाची) यादी उघडून जे जे जुळतं ते पिवळं करत गेले. मानसशास्त्र झालेलं, फिल्मचा इतिहास झालेला, दोन बिझनेसचे, फोटोग्राफी, आणि पानाच्या तळाशी आलो तर पिवळं झालं होतं फक्त पहिला कॅल्क्युलस आणि इंग्लिशचा पहिला कोर्स. फिजिक्स एकही नाही. तो पान बघत बसला आणि काही बोललाच नाही बराच वेळ. त्याने आळस केला नव्हता हो, उलट जो वर्ग रिकामा मिळेल तो घेऊन युनिट भरत राहिला होता, कोणीतरी त्याला सांगितलं होतं ६० युनिट झाली की ट्रान्सफर होतं. ६० युनिट लागतात हे खरं पण कुठली ६० हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला अजून पावणेदोन वर्षं लागली. गेला शेवटी चांगल्या ठिकाणी, पण ती दोन पानं माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीत.

म्हणून ताई, असिस्ट नावाची राज्याची वेबसाइट आहे, असिस्ट डॉट ऑर्ग, फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. त्यात आपलं कम्युनिटी कॉलेज टाकायचं, पुढची युनिव्हर्सिटी टाकायची, मेजर टाकायचा, की समोर दोन रकाने येतात, एका बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स आणि त्याच्यासमोर आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स चालतो तो. मुलाला पहिल्या दिवसाच्या आधी हे पान तीन-चार युनिव्हर्सिटींसाठी उघडायला लावा, कारण बर्कलीला जे लागतं ते डेव्हिसला लागत नाही आणि उलटंही. चारही ठिकाणी जे सारखं आहे ते आधी घ्यायचं. मेजर सोडून बाकीचे सामान्य विषय, इंग्लिश, इतिहास, कला, बायोलॉजी, यांची पण एक ठरलेली यादी असते, २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना ती कॅल-गेटसी (Cal-GETC) नावाने आहे, आधी आयगेटसी (IGETC) म्हणायचे, जुन्या ब्लॉगांत तेच नाव सापडेल. कम्प्युटर सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांनी मेजरचे कोर्स आधी, कॅल-गेटसी जमेल तशी, कारण त्यांच्याकडे निवडताना मेजरची तयारीच जास्त बघतात.

क्रम का महत्त्वाचा ते बघा. डी अँझाचं उदाहरण घेते कारण तुमच्याकडचे बरेच तिथे जातात. कॅल्क्युलस चार क्वार्टरांत वाटलेला आहे, मॅथ १ए, १बी, १सी, १डी, एक झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. त्यानंतर लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्सची साखळी कॅल्क्युलसला बांधलेली. प्रोग्रॅमिंगची साखळी वेगळी, २२ए, २२बी, २२सी. आता एक जरी कडी पहिल्या क्वार्टरला सुटली, म्हणजे वर्ग भरला म्हणून मिळाला नाही किंवा मुलाने "पुढच्या वेळी घेतो" म्हटलं, की सगळी साखळी एक क्वार्टर पुढे ढकलली जाते आणि अर्जाच्या वेळी यादीत "पूर्ण नाही" असं दिसतं. म्हणून पहिल्या क्वार्टरला गणित, प्रोग्रॅमिंग आणि इंग्लिश हे तीन. बाकी काहीही नंतर. त्याचा एपी (हायस्कूलमध्येच देतात ती कॉलेज पातळीची परीक्षा) कॅल्क्युलसचा स्कोअर असेल तर पहिला भाग सुटू शकतो, पण कॉलेज बोर्डाकडून स्कोअर अधिकृतपणे पाठवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि हे जुलैमध्ये करायचं, सप्टेंबरमध्ये नाही. जागा ठरवणारी परीक्षा वगैरे आता नसते, २०१७ च्या कायद्यानंतर हायस्कूलचे विषय आणि मार्क बघूनच गणित-इंग्लिशच्या वर्गात घेतात.

आणि एक सांगते, मालिका ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवायची. क्वार्टरच्या कॉलेजात १ए, १बी करून समरला सेमिस्टरवाल्या कॉलेजात उडी मारली तर विषयांचे तुकडे जुळत नाहीत, मध्येच दोन प्रकरणं कोणीच शिकवलेली नसतात. सामान्य विषय मात्र कुठूनही करा, समरला ओलोनीचा इतिहास आणि फॉलला डी अँझाचं गणित चालतं.

टॅगबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर फार गैरसमज आहेत. टॅग म्हणजे यूसीची लेखी हमी, ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) पूर्ण केला तर जागा नक्की. सहा कॅम्पस देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन दिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला भरता येतो, सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेत, आणि त्यानंतर नेहमीचा यूसीचा अर्ज पण भरावाच लागतो, तो ऑक्टोबरपासून पाठवता येतो आणि नोव्हेंबरअखेर-डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतो. टॅग भरला म्हणून मुख्य अर्ज नाही भरला असं करणारी मुलं दरवर्षी भेटतात, जीव तुटतो. आणि कम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग यांना टॅग सगळीकडे नाही, सांता बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तर नाहीच, बाकी ठिकाणी जीपीए जास्त मागतात, आणि ही यादी दरवर्षी बदलते म्हणून मागच्या वर्षीच्या दादाचं ऐकून भरू नका, यूसीचं त्या वर्षीचं पत्रक बघा. तुमच्या मुलाला मी खोटी आशा लावणार नाही, बर्कली-यूसीएलएचं कम्प्युटर सायन्स ट्रान्सफरनेही अतिशय कठीण आहे. पण सगळी अंडी त्याच टोपलीत न ठेवता त्याने सॅन होजे स्टेटसकट सीएसयूंना पण अर्ज केला, टॅग बसत असेल तिथे भरला, तर कम्प्युटर सायन्सची चांगली डिग्री त्याला मिळू शकते आणि सिलिकॉन व्हॅलीत सॅन होजे स्टेटची मुलं किती आहेत ते तुमच्या अहोंना त्यांच्या ऑफिसात विचारा.

शिक्षणाचा दर्जा म्हणाल तर पहिल्या दोन वर्षांचं गणित आणि फिजिक्स इथे तीस-चाळीस मुलांच्या वर्गात शिकवतात, शिकवणारे मास्टर्स किंवा पीएचडी झालेले आणि त्यांचं काम शिकवणं हेच असतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत तोच कॅल्क्युलस तीनशे मुलांच्या हॉलमध्ये होतो. आपली मुलं एकच चूक करतात, ऑफिस अवर्सला (प्राध्यापक शंकांसाठी बसतात त्या वेळेला) जात नाहीत, त्यांना वाटतं शंका विचारली तर आपण कमी आहोत असं दिसेल. पहिल्या दोन आठवड्यांत एकदा तरी जाऊन स्वतःचं नाव सांगून या असं मी प्रत्येकाला सांगते. ऑनर्स प्रोग्रॅम असेल तर घ्यावा, बऱ्याच कॉलेजांचा ऑनर्स यूसीएलएच्या टॅप (ट्रान्सफरवाल्यांसाठीच्या) योजनेशी जोडलेला आहे आणि तिथे अर्ज बघताना त्याचा उपयोग होतो.

आता ती कोरी पाटी पक्की कशी होते ते. इथे आपल्यासारखं एटीकेटी नसतं. सी किंवा त्याहून चांगला ग्रेड मिळालेला कोर्स मार्क वाढवायला परत घेता येत नाही, डी किंवा एफ असेल तरच परत घेता येतो आणि तोही मोजक्या वेळा. वर्ग सोडायचाच असेल तर दोन तारखा असतात, पहिली सुरुवातीच्या आठवड्यांतली, तिच्या आत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच येत नाही, दुसरी बरीच नंतरची, तोवर सोडला तर डब्ल्यू येतो. एखादा डब्ल्यू काही बिघडवत नाही, पण दुसरी तारीखही निघून गेली आणि मुलाने नुसतं जायचं बंद केलं तर एफ पडतो. नुसतं जायचं बंद करणारे असतात, घरी सांगत नाहीत, आई डबा भरून देत असते. आणि मूल अठराचं झाल्यावर, किंबहुना कॉलेजात गेल्यापासूनच, फर्पा या विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे मी तुम्हाला त्याचे मार्क सांगू शकत नाही, तुम्ही फी भरत असलात तरी. त्यामुळे तारखा त्याच्या बरोबर बसून आधीच कॅलेंडरवर घाला.

याच कारणाने नववी-दहावीतल्या मुलांच्या आयांना पण एक सांगायचंय. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेता येतात, फी जवळपास नसतेच, म्हणून समरला मुलांना दोन-दोन वर्गांत घालतात. घाला, पण तो ग्रेड कायमचा कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर जातो. चौदाव्या वर्षी हौसेने घेतलेल्या वर्गाचा डी मी एकविसाव्या वर्षीच्या अर्जावर बघितलाय.

ताई तुमचं स्वतःचं. कृपा करून "बघू नंतर" म्हणू नका. एच-४ वर तुम्हाला हवं तेवढं शिकता येतं, एक वर्ग घ्या, संध्याकाळचा किंवा ऑनलाइन, ४६ डॉलर युनिट तुम्हालाही लागू. अकाउंटिंगचे दोन-तीन कोर्स केले तर बी.कॉम. इथल्या भाषेत बोलायला लागतं. लहान मुलांची आवड असेल तर अर्ली चाइल्डहुड एज्युकेशन बघा, कॅलिफोर्नियात खासगी प्रीस्कूलमध्ये शिकवायला त्याची १२ युनिट लागतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या आपल्या बायकांत हा सगळ्यात जास्त निवडलेला रस्ता आहे, मात्र नोकरी करायला ईएडी (कामाचा परवाना) हवा, तो तुमच्या नवऱ्याच्या ग्रीनकार्डच्या टप्प्यावर अवलंबून. पुण्याच्या डिग्रीचं मूल्यांकन नाकेस (NACES) या संघटनेची सदस्य असलेल्या संस्थेकडून करून घ्या, बहुतेक कॉलेजं तेच धरतात. आणि नर्सिंग मनात असेल तर कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवरही तीच एनक्लेक्स परीक्षा देऊन आरएन (नोंदणीकृत नर्स) होता येतं, फक्त त्याच्या आधीचे सायन्सचे कोर्स आणि प्रवेशाची रांग धरून चार वर्षं हिशोबात ठेवा.

भाच्याचं थोडक्यात आणि जरा कडक. कम्युनिटी कॉलेजं एफ-१ साठी आय-२० (व्हिसाला लागणारं कॉलेजचं पत्र) देतात, बारावीवर आणि इंग्लिशच्या परीक्षेवर प्रवेश मिळतो, टॅगही त्याला भरता येतो. पण त्याला रहिवासी फी नाही लागणार, नॉन-रेसिडेंटची लागेल, ती युनिटला काही शे डॉलर. दर टर्मला १२ युनिट घ्यावीच लागतात आणि त्या फुलटाइमच्या मोजणीत एकच ऑनलाइन वर्ग धरतात. पुढे यूसीला गेला की फीच्या वर बाहेरच्यांसाठीचा वेगळा आकार आहे तो वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर, म्हणजे स्वस्त फक्त पहिली दोन वर्षं. एजंट लोक पहिल्या वर्षाचा आकडा दाखवतात, तुम्ही चार वर्षांचा मांडा, राहण्या-खाण्यासकट, आणि मग भावजींशी बोला. असोसिएट डिग्रीनंतर एक वर्षाचा ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळतो पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) वाढीव दोन वर्षं त्यावर मिळत नाहीत, त्याला बॅचलर्स लागते. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत "कम्युनिटी कॉलेजच का" हे विचारतात, तिथे मावशी फ्रीमॉन्टला राहते हे उत्तर नाही. कुठला मेजर, दोन वर्षांनी कुठे ट्रान्सफर, पैसे कोण भरणार, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. ही योजना त्याला सांगता येत नसेल तर तिकडेच इंजिनिअरिंग करून मास्टर्सला यावं असं माझं मत आहे.

दुसऱ्या राज्यांतल्यांनी विचारलं होतं म्हणून, वर लिहिलेलं असिस्ट, टॅग, ४६ डॉलर हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. न्यू जर्सीत एडिसनचं मिडलसेक्स, व्हर्जिनियात नोव्हा, डॅलसकडे कॉलिन, यांचे करार त्या त्या राज्यातल्या युनिव्हर्सिटींशी वेगळे आहेत, नोव्हाचा जॉर्ज मेसनशी अॅडव्हान्स नावाचा चांगला कार्यक्रम आहे. तुमच्या कॉलेजचं ट्रान्सफर सेंटर गाठा आणि तिथे आर्टिक्युलेशन अॅग्रीमेंट (कोर्स जुळवण्याचा करार) हा शब्द वापरून विचारा.

आणि मंडळातल्या लोकांना काय सांगायचं हे तुम्ही शेवटी लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं. कॉलेजचं नाव सांगा, सरळ. गणेशोत्सवात "सध्या गॅप घेतलाय" असं आई बाजूला उभी राहून सांगत असताना मुलाचा चेहरा मी बघितलाय. तो रोज सकाळी आठच्या कॅल्क्युलसला जाणार आहे, त्याचं कॉलेज लपवण्यासारखं आहे असं त्याला आईकडून कळलं तर मी ऑफिसात कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही.

आता पुढच्या काही आठवड्यांत करायचं ते एवढंच: वेटलिस्टवर नाव ठेवायचं असेल तर ठेवा, त्याने इथे काही अडत नाही. कम्युनिटी कॉलेजचा अर्ज फुकट आहे, सीसीसी अप्लाय या वेबसाइटवर अर्ध्या तासात होतो, या आठवड्यातच भरा कारण ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन (कुठल्या सत्रात कुठले कोर्स याचा आराखडा) आधी पूर्ण केलेल्यांना रजिस्ट्रेशनची तारीख लवकर मिळते आणि पहिल्या क्वार्टरचं गणित त्या तारखेवरच मिळतं किंवा हुकतं. वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टला नाव लावून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं, बरेच जण येत नाहीत आणि प्रोफेसर अॅड कोड (वर्गात नाव घालायचा नंबर) देतात. काउन्सेलरची अपॉइंटमेंट मे महिन्यातली घ्या, ऑगस्टमध्ये आमच्याकडे दारापर्यंत रांग असते. येताना त्याने असिस्टची तीन पानं छापून आणायची आणि एपीचे स्कोअर. तुम्ही आलात तरी चालेल पण बोलू त्याला द्या.